धाकटी सकाळीच का अडते

आमच्या नेमबाजीच्या क्लबात दोन पिस्तुलं आहेत आणि दोन्ही स्वस्तातली. मोठ्या शहरांतले खेळाडू वापरतात ती पिस्तुलं आम्ही फक्त मोबाइलवर बघतो, दोन बोटांनी चित्र मोठं करकरून. आमची दोन्ही पॉइंट टू-टूची, म्हणजे बारीक गोळीची, सेमी ऑटोमॅटिक. म्हणजे गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने वरचा सरकता भाग मागे जातो, रिकामं टरफल बाहेर फेकतो, परत येताना मॅगझिनमधली नवी गोळी आत ढकलतो, आणि आपण पुढच्या नेमाला मोकळे. निदान पिस्तुलाबरोबर आलेल्या पुस्तिकेत तरी असंच लिहिलेलं आहे.

पहिलं पिस्तूल जुनं, अख्खं पोलादाचं. दुसरं गेल्या चवथीनंतर, म्हणजे गणपतीनंतर आलं, हलक्या धातूचं. एकाच घरात नांदायला आलेल्या दोन जावा म्हणून मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणू लागले, आणि क्लबात तीच नावं रूढ झाली. थोरली काय वाटेल ते खाते. देशी काडतूस घाला, परदेशी घाला, पावसाळ्यात ओल धरलेलं घाला, तिची तक्रार नसते. पण तिची मूठ पुरुषाच्या पंजाच्या मापाची, आणि चाप ओढायचा म्हणजे खोल विहिरीतून भरली कळशी ओढायची. पाचवी गोळी झाडेपर्यंत माझा हात थरथरायला लागतो. धाकटीची मूठ मात्र हातात घेतली तेव्हाच मला वाटलं, ही माझीच. चापही असा हलका की मनात आलं आणि सुटली. पहिल्याच दिवशी मी पाचही गोळ्या काळ्या वर्तुळात घातल्या आणि चिरेखणीत उभी राहून एकटीच मोठ्याने ओरडले.

चिरेखण म्हणजे आमचं मैदान. कारापूरच्या बाहेर जांभा दगड काढून काढून सोडून दिलेली ही खाण. तिन्ही बाजूंना लाल भिंती, समोर मातीचा उंच बांध, त्यापुढे निशाणं. परवाने, पोलिसांची पाहणी, कुलूपबंद खोली, सगळं रीतसर. मी मूळची पेडण्यातल्या कोरगावची, दिली इथे. डिचोलीच्या एका औषधाच्या कारखान्यात आठवडाभर गोळ्या तपासते आणि रविवारी गोळ्या झाडते, असं नवरा पाहुण्यांना सांगतो आणि दर वेळी स्वतःच हसतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळं सासर जाणून आहे. चाळिशीत मी हा खेळ धरला तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, धरू दे, निदान आठवड्यातून एक दिवस तरी श्वास रोखून गप्प उभी राहील.

आम्हाला शिकवणारे निवृत्त सुभेदार. बेळगावकडचे. मुलगा इथल्या कारखान्यात लागला म्हणून त्याच्यापाठोपाठ आले आणि दोन महिन्यांत कंटाळून त्यांनी हा क्लब उभा केला. मिशा पांढऱ्या, बोलणं मऊ, आणि शिस्त अशी की चपला वाकड्या काढल्या तरी परत पाठवतील.

आणि माझे बाबा. त्यांच्याकडे शेतराखणीची एकनळी बंदूक होती. आयुष्यभर सांभाळली. निवडणूक जाहीर झाली की गावातल्या सगळ्या बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायला लागतात; त्या दिवशी बाबा ती सासरी जाणाऱ्या मुलीसारखी तेल लावून, पुसून, कापडात गुंडाळून न्यायचे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांनी दगा दिला आणि त्यांनी परवाना आपणहून परत केला. घरी येऊन जेवले नाहीत. पुढे कधीतरी मी सहज त्यांना चिरेखणीत घेऊन आले. बंदुकीच्या दारूचा वास आला आणि त्यांनी असा लांब श्वास घेतला की मलाच भरून आलं. सुभेदारांनी ते पाहिलं असावं. म्हणाले, "काका, दर रविवारी या की. सराव झाला की साफसफाई तुमच्याकडे. थोरली मी पुसतो, धाकटी तुम्ही पुसा."

तेव्हापासून बाबा दर रविवारी कोरगावहून पहिली बस धरतात, म्हापशाला बदलतात, आणि आमचा सराव संपायच्या आत पोचतात. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात जुन्या लुंगीच्या चिंध्या. सुभेदार समोर बसतात, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघतात, आणि मग बाबा धाकटीला अशी पुसतात की बघत राहावं. क्लबाने बंदुकीच्या तेलाची एक बाटली दिली आहे. सुभेदार ती उजेडात धरून मला म्हणायचे, "बघा ओ बाई, बाबांचा हात किती राखून चालतोय. तेल खाली उतरतच नाही." मलाही माझ्या बापाच्या काटकसरीचा अभिमान वाटायचा.

दिवाळीपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं. तुळशीचं लग्न झालं आणि धाकटी अडायला लागली.

पहिल्यांदा अडली तेव्हा मला वाटलं, चुकून झालं असेल. रविवारची सकाळ, खाणीत धुकं, पाच गोळ्यांची पहिली मालिका. दुसरी गोळी सुटली आणि तिचं रिकामं टरफल बाहेर पडायच्या ऐवजी पिस्तुलाच्या खिडकीतच उभं राहिलं, दारात अडलेल्या शेळीसारखं. काढलं. पुढची गोळी: खट्ट. चाप ओढला, आवाज झाला, गोळी सुटलीच नाही. सुभेदारांनी ते काडतूस हातात घेऊन कडेवरची खूण दाखवली. या काडतुसाची पेटवणारी दारू त्याच्या कडेत असते, तिथे पिस्तुलाच्या आतल्या सुईने ठोसा मारला की ते पेटतं. आमच्या काडतुसावर नुसता ओरखडा होता. सुई पोचली होती, पण तिच्यात जीवच नव्हता. तिसऱ्या मालिकेपासून मात्र धाकटी अशी चालली की जणू काही झालंच नव्हतं.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. पहिल्या एकदोन मालिका अडायचं, मग शहाण्यासारखं वागायचं.

आता इथे माझं डोकं सटकलं, आणि खोटं का बोलू, मला मजाही यायला लागली. कारखान्यात माझं कामच हे. माल बिघडला की कुठे बिघडला ते शोधायचं, आणि त्याचा एकच मंत्र: एका वेळी एकच गोष्ट बदला. मी सुभेदारांना म्हटलं, आपण हिला पकडूच. आधी काडतुसं बदलली. स्वस्त देशी काढून महागडी परदेशी आणली. अडली. मॅगझिन दुसरं लावलं, गोळी धरून ठेवणारे त्याचे ओठ भिंगाखाली बघितले. अडली. आतली स्प्रिंग थकली असेल म्हणून नवी मागवली, ती आली, बसवली, मी देवाला नारळ बोलले. अडली. रात्री जेवताना मी नवऱ्याला टरफल कुठल्या कोनात अडतं ते चमच्याने दाखवायची आणि तो वरणाकडे बघत हं हं करायचा. झोपेतसुद्धा मला तो खट्ट ऐकू यायचा, आणि खरं सांगते, वर्षानुवर्षांत कुठल्या गोष्टीने मला एवढं जागं केलं नव्हतं.

मग सुभेदारांना शंका आली माझीच. असली हलकी पिस्तुलं मनगट ढिलं सोडलं तर अडतात. सरकत्या भागाला मागे जायला घट्ट आधार लागतो, हातच मागे गेला तर तो अर्ध्यात थकतो. एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी स्वतः धाकटी हातात घेतली आणि एकामागून एक चार मालिका झाडल्या. एकदाही अडली नाही.

"मनगट ओ बाई," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं मनगट ढिलं हाय की."

मी एवढी भडकले की परत येताना स्कूटरवर एकटीच बोलत होते. माझं मनगट ढिलं! पेडण्याच्या पोरीचं, जिने लहानपणापासून काजूची बोंडं चिरडली, तिचं! पण मास्तर तो मास्तर. महिनाभर मी पाण्याने भरलेली बाटली हात सरळ धरून उचलत होते, भाजी परततानासुद्धा. मनगट सुजलं. पुढच्या रविवारी सकाळी धाकटी पुन्हा अडली.

नेमकं तेव्हाच दुसऱ्या एका क्लबाने धाकटीला मागणी घातली. सुभेदारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "राज्य स्पर्धा तोंडावर आली. पुढच्या रविवारी शेवटची परीक्षा घेऊ. सकाळी, थंड्या वेळेला. अडली, तर देऊन टाकू. तुम्ही थोरलीवर खेळा."

थोरलीवर खेळणं म्हणजे काय हे मला पक्कं माहीत होतं. आदल्या वर्षी मी तिच्यावरच खेळले होते. राज्य स्पर्धेत ठरावीक गुण मिळवले तरच पुढच्या, विभागीय स्पर्धेला जाता येतं, आणि मी थोडक्यात हुकले होते, ते शेवटच्या मालिकांत हात थरथरला म्हणून. माझा हात काही वर्षागणिक तरुण होणार नव्हता. धाकटी गेली की माझी विभागीय स्पर्धाही गेली, एवढा साधा हिशेब होता. त्या दिवशी मी बाबांसमोर रडले. ते धाकटी पुसत होते. त्यांनी चिंधी आणखी जोरात फिरवली आणि म्हणाले, "रडां नको गो बाय. ह्या खेपेक मी तिका बरी न्हाणवतंय."

शनिवारी मी सकाळीच कोरगावला गेले. जीव थाऱ्यावर नव्हता, म्हटलं आईच्या हातचं खाऊन यावं. रात्र तिथेच काढून रविवारी परीक्षेसाठी भल्या पहाटे निघायचं ठरवलं होतं, म्हणून आईने हट्टाने शनिवारीच डोकं धुवायला बसवलं. सकाळ चांगलीच गार होती. चुलीवर पाणी तापत होतं, मी केस सोडून उंबऱ्यावर बसले आणि म्हटलं, आई, तेल दे.

"राव गो जरा," आई आतून म्हणाली. "तेल गोठलां हा. बाटली उनांत ठेवलंय."

मी अंगणात पाहिलं. तुळशीच्या कट्ट्यावर, उन्हाच्या तिरपीत, खोबरेल तेलाची बाटली उभी होती. आतलं तेल पांढरं, घट्ट. कडेकडेने नुकतं पाणी सुटायला लागलं होतं. हे दृश्य मी जन्मल्यापासून दर थंडीत पाहत आले आहे. पण त्या दिवशी मी बाटलीकडे बघत राहिले, आणि मला एक वास आठवला. सरावानंतर माझ्या हातांना यायचा तो. बंदुकीच्या दारूच्या खाली दडलेला, गोडसर, ओळखीचा. मला वाटायचं, तो माझ्याच केसांचा.

मी तशीच, मोकळ्या केसांनी, गोठ्याकडे धावले.

"बाबा! धाकटीला तेल कुठलं लावता तुम्ही?"

बाबा वैरण टाकत होते. त्यांनी मागे वळून अगदी निरागसपणे सांगितलं, "आपला. घरचा. आपल्या माडांचा."

"आणि क्लबाची बाटली?"

"तां कसला तेल गो? ना वास, ना काय. असला तेल मी तुज्या पिस्तुलाक लावतलंय?" त्यांनी आवाज खाली आणला. "सुभेदारांक वाईट दिसाक नको म्हणान बाटली भायर काढतंय आणि परत आत ठेवतंय. खरां तेल माज्या पिशयेत असता. माज्या बंदुकेक जन्मभर तांच लावलां. कधी गंज धरूक नाय."

गंज धरला नव्हता हे खरंच. पावसाळ्यात आमच्या भागात अडुळीपासून, म्हणजे विळीपासून, दाराच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला खोबरेल लावतात, आणि परतीच्या पावसात धाकटीही सुरळीत चालली होती. मी त्यांना हाताला धरून अंगणात आणलं, बाटली उलटी केली. तेल जागचं हललं नाही. मी म्हटलं, बाबा, हे असं धाकटीच्या पोटात बसतं. सुईच्या वाटेत बसतं. सकाळी सुई या लोण्यातून जाते, मग तिचा ठोसा कसा बसणार? दोन मालिका झाडल्या की पिस्तूल तापतं, तेल वितळतं, धाकटी चालायला लागते. सुभेदारांनी दुपारी झाडली तेव्हा अडली नाही, कारण दुपारी ऊन असतं. थोरली अडत नाही, कारण थोरली सुभेदार पुसतात. इतके दिवस आम्ही दोन पिस्तुलांची तुलना करत होतो ना बाबा, ती तुलना दोन तेलांची होती!

मी आनंदाने नाचत होते. मग बाबांचं तोंड पाहिलं आणि थांबले. ते बाटलीकडे बघत होते. मला वाटलं, यांना लागलं. आता हे रविवारी येणार नाहीत. डोळे गेले, बंदूक गेली, आणि ही एक चिंधी उरली होती तीही मी काढून घेतली. मी काहीतरी बोलणार तोच ते म्हणाले, अगदी हळू, "मगे ते डुकर..."

आमच्या घरात डुकरांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मी शाळेत होते तेव्हाची. पौषातली पहाट, आमच्या रताळ्यांच्या वाफ्यांत रानडुकरांचा कळप घुसला. बाबा बंदूक घेऊन गेले, हवेत बार काढला की पळतील म्हणून. चाप ओढला. खट्ट. पुन्हा ओढला. खट्ट. डुकरांनी मान वर करून पाहिलं, आमचा वाफा संपवला आणि सावकाश शेजाऱ्यांच्या वाफ्यात गेली. झालं, गावाला विषय मिळाला. बाबा घाबरले, बाबांनी बार भरलाच नव्हता, डुकरांनी बाबांना रामराम घातला. आजही कुणाच्या लग्नात कुणीतरी विचारतंच. बाबांनी सगळा दोष काडतुसांना दिला, म्हापशाच्या ज्या दुकानातून ती आणली होती त्या गल्लीत पुन्हा पाय ठेवला नाही, पण मनातून त्यांना काय वाटत होतं ते आईने मला एकदा सांगितलं होतं. त्यांना वाटायचं, आपलाच हात कचरला असेल.

"पौषातली थंडी," बाबा म्हणाले. "हाडां गोठवणारी. आणि आदल्या दिसा मी तिका भरभरून तेल घातलेलंय!" त्यांचा आवाज चढत गेला. "मी भियलंय नाय गो! तेल गोठलेला! अगो आयकलंस?" ते स्वयंपाकघराकडे वळून आईला ओरडून सांगू लागले. "तेल गोठलेला! मी भियलंय नाय!"

"शेजाऱ्यांका सांगा तां," आई आतून म्हणाली. "माका कधीपासून ठाऊक आसा तुमी भियूचे नाय ते."

बाबांनी खरंच पंचा खांद्यावर टाकला आणि शेजाऱ्यांकडे गेले. वाटेत त्या म्हापशाच्या दुकानदाराला आजवर घातलेल्या शिव्या मोठ्याने परत घेत गेले. मी केस तसेच बांधले, आणि आम्ही दोघं त्याच दिवशी कारापूरला निघालो.

सुभेदारांना सांगायचं धाडस बाबांनीच केलं. "सुभेदारांनू, मी तुमकां फसयलां," असं सुरू करून त्यांनी पिशवीतली बाटली टेबलावर ठेवली. सुभेदारांनी बाटलीकडे पाहिलं, क्लबाच्या गच्च भरलेल्या बाटलीकडे पाहिलं, आणि मिशा हलायला लागल्या.

"तरीच ओ!" ते म्हणाले. "तरीच ती बाटली संपत नव्हती!" आणि शिस्तीचा तो माणूस खुर्चीवर मागे रेलून असा हसला की बाहेर झाडावरचे कावळे उडाले. हसणं ओसरल्यावर ते माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्या मनगटाची माफी मागतो."

त्यांनी धाकटी पूर्ण सुटी केली. सुईच्या वाटेतून पिवळट मळी निघाली, खोबऱ्याच्या वड्या करताना कढईला राहते तशी. सगळं धुऊन कोरडं केल्यावर त्यांनी क्लबाच्या तेलाची बाटली बाबांच्या हातात दिली. "लावा काका. हातभर नको, थेंबभर." बाबांनी चिंधीच्या टोकाला थेंब घेतला, हुंगला, नाक मुरडलं, आणि लावला.

रविवारी सकाळी खाणीत एवढं धुकं होतं की निशाणं दिसेपर्यंत थांबावं लागलं. हात गारठले होते. मी पहिली मालिका झाडली. टरफलं एकामागून एक उडाली, टणाटण चिऱ्यावर आदळली. दुसरी मालिका, तिसरी. मग सुभेदारांनी थोरली आणि धाकटी शेजारी ठेवून दोघींना सारखीच काडतुसं घातली, देशी, परदेशी, अगदी त्या ओल धरलेल्या खोक्यातलीसुद्धा. पहिल्यांदाच खरी तुलना झाली. थोरली नेहमीसारखीच ठाम. धाकटीने त्या ओल्या काडतुसांवर एकदा नाक मुरडलं, बाकी एकदाही नाही. मी उड्या मारत होते आणि मागे बाबा प्रत्येक बाराला मान हलवत होते.

राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पिस्तुलं जमा करायची असतात. ती खोली वातानुकूलित. मी दारातच शहारले. रात्रभर धाकटी त्या गारठ्यात पडणार होती. सकाळी ती हातात आली तेव्हा बर्फासारखी गार होती. बाबा मागच्या काचेच्या खोलीत, प्रेक्षकांत, आणि तिथेही गारव्याचं यंत्र घोंघावत होतं. त्यांनी पंचा कानांवरून गुंडाळला होता.

पहिली मालिका. गोळी सुटली, टरफल उडालं. दुसरी. पाचवी सुटली तेव्हा मी इतका वेळ श्वास घेतलाच नव्हता असं लक्षात आलं. धाकटीने पहिला अर्धा भाग निभावून नेला आणि मी गुणांत पुढे होते. मग भरभर झाडायचा भाग, जिथे निशाण तीन सेकंदच तोंड दाखवतं. तिथे मधल्याच एका मालिकेत, हात वर आला, नेम बसला, चाप ओढला, आणि खट्ट.

मी हात वर केला. काचेच्या पलीकडे बाबा उभे राहिले होते. त्या एका आवाजाने ते रताळ्यांच्या वाफ्यात जाऊन उभे राहिले असणार. नियम असा की दोष खेळाडूचा नसेल तर मालिका पुन्हा झाडायला मिळते, पण एका भागात एकदाच. पंच आले, त्यांनी काडतूस काढून भिंगाखाली धरलं. मी मान पुढे केली. कडेवर सुईची खूण खोल होती, स्पष्ट, जीव लावून मारलेली. "काडतूसच खराब," पंच म्हणाले. "पुन्हा झाडा."

मी वळून काचेकडे पाहिलं आणि दोन बोटांत काडतूस धरल्यासारखं करून, दोष त्याचाच, अशा अर्थी हात हलवला. बाबांना समजलं की नाही कोण जाणे, पण ते खाली बसले. त्यानंतर धाकटी एकदाही थांबली नाही. शेवटच्या मालिकेत माझा हात स्थिर होता, हे मला आधी जाणवलं आणि मग आकडे दिसले. विभागीय स्पर्धेला लागतात तेवढे गुण झाले होते, वर थोडे उरलेही होते.

सुभेदारांनी मला चक्क सॅल्यूट ठोकला. मी धावत काचेच्या खोलीत गेले. मला वाटलं, बाबा गुण विचारतील.

"सगळे बार वाजले मगो?" त्यांनी विचारलं.

"सगळे वाजले बाबा. एक सोडून. आणि ते खरंच काडतूस होतं. तुमचं तेल नव्हतं, तुमचा हात नव्हता."

बाबांनी पिशवीत हात घालून खोबरेलाची ती बाटली काढली. "आता ह्या तेलाचां काय करू गो? घेवन इलंय सवयीन." खोलीच्या गारठ्यात तेल पांढरं पडलं होतं. त्यांनी बाटली दोन्ही तळव्यांत धरली आणि घासत राहिले, बराच वेळ, तेल सुटेपर्यंत. शेजारी दुसऱ्या क्लबांचे खेळाडू होते, भारी जाकिटांतले, बघत होते. बाबांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं, ओंजळभर तेल माझ्या डोक्यावर थापलं आणि म्हणाले, "त्या शनवारी राहून गेल्लां."